समुद्रातल्या तेलपट्ट्यांना सरकारी सवलती: आपण सातारा-सांगलीकरांनी यात लक्ष का घालावं?

कोरेगावकर (धागाकर्ता)

मंडळी, समुद्रातल्या तेल-वायूच्या शोधाला केंद्र सरकारनं गेल्या काही वर्षांत जो जोर लावलाय, त्यावर मराठीत फारशी चर्चा दिसत नाही. जी होते ती शेअर बाजाराच्या अंगानं. आपल्याकडं समुद्र नाही, म्हणून हा विषयही आपला नाही, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी काय काय झालंय ते मांडतो. २०१६ च्या मार्चमध्ये नवं धोरण आलं. त्याआधी कुठला ब्लॉक (शोधासाठी आखलेला तुकडा) लिलावात काढायचा हे सरकार ठरवायचं. आता कंपनीनं नकाशावर बोट ठेवायचं, "हा तुकडा हवा" म्हणायचं आणि मग त्यावर बोली निघते. उथळ समुद्रातली रॉयल्टी (काढलेल्या तेल-वायूवर सरकारला द्यायचा वाटा) १० टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर आणली. खोल समुद्रात पहिली सात वर्षं रॉयल्टी शून्य, पुढं ५ टक्के; अतिखोल समुद्रात सात वर्षं शून्य आणि पुढं २ टक्के. कच्च्या तेलावरचा उपकरही या नव्या ब्लॉकना माफ. २०१९ मध्ये त्याच्याही पुढं गेले. ज्या खोऱ्यांत अजून व्यापारी उत्पादन नाही, तिथं महसुलातला वाटाही सरकारनं सोडला (भरमसाट कमाई झाली तरच तो मागायचा). कोण किती सर्वेक्षण करतो, किती विहिरी घेतो, यावरच तिथं बोली. २०२२ मध्ये संरक्षण वगैरे कारणांनी बंद ठेवलेल्या समुद्रक्षेत्रातला ९९ टक्के भाग खुला केला, म्हणजे जवळपास १० लाख चौरस किलोमीटर. तीन महाराष्ट्र मावतील एवढा.

२०२५ च्या फेब्रुवारीत या बोलींची दहावी फेरी जाहीर झाली, २५ ब्लॉक, सुमारे १ लाख ९२ हजार चौरस किलोमीटर. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून साधारण १९ हजार चौरस किलोमीटर भरतात. त्याच्या दहापट क्षेत्र एका फेरीत. पुढच्याच महिन्यात १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यातली दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातल्या शोधासाठी राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली.

यामागचं कारण खरं आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. घरचं उत्पादन २०११-१२ साली ३८ दशलक्ष टन होतं, ते आता २९ च्या आसपास घसरलंय. आखातात काही खुट्ट झालं की आपल्या ट्रॅक्टरचं डिझेल महागतं. आणि डिझेलपेक्षाही मोठी गोष्ट युरियाची. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळ थळचा खत कारखाना उभा राहिला तोच मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या वायूवर. आपल्या उसाला पडणारं पोतं समुद्रातल्या त्या विहिरींशी असं जोडलेलं आहे.

म्हणून सरकारच्या पाठिंब्याला माझा विरोध नाही. पण सवलत म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूवरचा हक्क सोडणं. तो सोडताना बदल्यात लेखी काय घेतलं जातंय? माझ्या मते पुरेसं काही घेतलं जात नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

वाईची_वाट

चांगला विषय. वाचतेय. एकच विचारते, मुंबई हायची रॉयल्टी महाराष्ट्राला मिळते ना?

खडकवाचक

रॉयल्टीचं कुणी जाणकार सांगेल. मी भूगर्भाची भर घालतो. कराडला बरीच वर्षं हा विषय शिकवलाय, त्यामुळं राहवत नाही.

आपल्या जिल्ह्यांखाली जो काळा कातळ आहे, सज्जनगडापासून दंडोबाच्या डोंगरापर्यंत, तोच बसाल्ट अरबी समुद्राखालीही पसरलेला आहे. मुंबई हायचा पाया बऱ्याच भागात याच कातळाचा. त्यावर नंतरच्या काळात चुनखडीचे थर साचले आणि तेल मुख्यतः त्या चुनखडीत सापडलं. आपल्याकडं वर तसा गाळ साचला नाही, म्हणून आपल्या बोअरला पाणी लागतं, तेल लागत नाही.

हा कातळ तेल शोधणाऱ्याला फार त्रास देतो. सर्वेक्षणात ध्वनिलहरी खाली सोडतात आणि परत येणाऱ्या लहरींवरून थरांचं चित्र काढतात. बसाल्टमध्ये त्या लहरी विखुरतात, खालचं चित्र धूसर येतं. केरळ-कोकण खोऱ्याचा खोल भाग अजून नीट कळलेला नाही, त्याचं हे एक मोठं कारण. खोल समुद्रातली एक विहीर शेकडो कोटींना पडते आणि कोरडी निघाली तर ते पैसे पाण्यात. सवलती का द्याव्या लागतात, हे यावरून समजावं.

पण इतिहासही पाहा. मुंबई हायची रचना १९६४-६५ च्या सुमारास एका सोव्हिएत जहाजाच्या सर्वेक्षणात दिसली. जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही विहीर खोदणारी रिग आपल्या सरकारी तेल कंपनीनं, ओएनजीसीनं आणली, १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. लागोपाठचे दुष्काळ, १९७३ चं तेलसंकट, तिजोरीत खडखडाट. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते आपले देवराष्ट्र्याचे यशवंतराव. त्यांच्या १९७३ च्या अर्थसंकल्पाला 'काळा अर्थसंकल्प' म्हणत, एवढी तूट होती त्यात. तशा दिवसांत किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर खोदण्याची जोखीम सरकारी पैशानं घेतली गेली. ती फळली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं देशाला त्यानं तारलं.

१९८९ च्या सुमारास मुंबई हाय शिखरावर होतं. आज त्याच्या एक तृतीयांशही निघत नाही. २०२५ च्या जानेवारीत उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक सेवेसाठी नेमलं. म्हातारं क्षेत्र आहे, नवं शोधलं नाही तर घसरण थांबणार नाही. शोधाला पाठिंबा हवाच, या मताचा मी आहे.

हिशेबनीस

@वाईची_वाट, नाही ताई, एक रुपया मिळत नाही. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, जरा सविस्तर लिहितो.

राज्यघटनेचं कलम २९७ सांगतं की सागरी हद्दीतली, खंडमंचावरची (किनाऱ्यालगत समुद्राखाली पसरलेल्या जमिनीवरची) आणि अनन्य आर्थिक क्षेत्रातली (त्याही पलीकडं देशाचा हक्क असलेल्या समुद्रातली) जमीन आणि खनिजं केंद्राच्या मालकीची. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी राज्याला जाते. आसाम, गुजरात, राजस्थान यांना ती मिळते. समुद्रातल्या विहिरींची केंद्राला. म्हणून महाराष्ट्रासमोर देशातलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र असूनही राज्याच्या तिजोरीत त्याची रॉयल्टी नाही. राज्याला पेट्रोल-डिझेलवर जे मिळतं ते पंपावरच्या व्हॅटमधून, म्हणजे सांगलीच्या किंवा विट्याच्या पंपावर तुम्ही-आम्ही जे भरतो त्यातून.

त्यातही वसईच्या क्षेत्रातला वायू पाइपानं हजिऱ्याला गेला आणि तिथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीनं उत्तरेकडच्या खत कारखान्यांना. देशाच्या गरजेचा विचार केला तर ते योग्यच होतं, मी तक्रार करत नाही. फक्त आपल्या वाट्याला काय येतं ते स्पष्ट असावं.

आता सवलतींबद्दल. जुन्या, म्हणजे १९९० च्या दशकातल्या करारांत कंपनीनं आधी आपला खर्च वसूल करायचा आणि मग नफा वाटून घ्यायचा, अशी पद्धत होती. त्यात एक भोक होतं. खर्च फुगवला की सरकारचा वाटा लांबणीवर. ओएनजीसीनं शोधलेली पन्ना-मुक्ता क्षेत्रं १९९४ मध्ये एन्रॉन, रिलायन्स आणि ओएनजीसी यांच्या भागीदारीत दिली, त्यावर पुढं किती वाद झाले ते अनेकांना आठवत असेल. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ या ब्लॉकमध्ये २००९ ला वायू सुरू झाला, वर्षभरात शिखर गाठलं आणि मग झपाट्यानं घसरला. २०११ च्या अहवालात सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं खर्चाच्या बाबतीत सरकारच्या देखरेखीवर ताशेरे ओढले. २०१६ मध्ये महसुलाची थेट वाटणी आली ती या अनुभवातून. खर्च किती का होईना, उत्पन्नातला ठरलेला टक्का पहिल्या दिवसापासून सरकारचा. हा बदल चांगला होता. म्हणूनच २०१९ मध्ये अनेक खोऱ्यांसाठी तो टक्काही सोडला, याचं मला वाईट वाटलं. शेताचा खंड माफ करताना निदान विहिरीची दुरुस्ती आणि बांध कुणी घालायचे ते तरी आपण कागदावर घेतो.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. तेल संपल्यावर समुद्रातले लोखंडी सांगाडे काढायचे, विहिरी सिमेंटनं बुजवायच्या, याचा खर्च प्रचंड असतो. त्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र निधीची योजना आहे. कंपनीनं त्यात पैसे ठेवले तर प्राप्तिकरात वजावट मिळते. यात तुमचा-आमचा पैसा दुसऱ्यांदा गुंतलेला आहे. म्हणून कुठल्या क्षेत्राच्या नावावर किती रक्कम जमा झाली, हे दरवर्षी संकेतस्थळावर टाकणं सक्तीचं करा, एवढीच माझी मागणी. नॉर्वेत तेल कंपन्यांच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के कर आहे आणि तरी कंपन्या तिथं जातात, कारण नियम उघडे आणि टिकाऊ आहेत.

उसाचा_मळा

टिकाऊ नियमांचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचणार होतो.

तेलक्षेत्र कायद्याच्या २०२५ च्या त्या दुरुस्तीत एक तरतूद आहे. एकदा पट्टा (तेल काढायचा मुदतीचा करार) दिला की मुदत संपेपर्यंत पट्टेधारकाच्या तोट्याचा बदल त्याच्या अटींत करायचा नाही. वाद झाला तर लवाद, तोही परदेशात चालेल. वाचून पोटात कालवलं. कारण ७ डिसेंबर २०२३ ला काय झालं ते वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा. सरकारनंच सांगितलं होतं इथेनॉल करा, कर्ज देतो, व्याजात सवलत देतो. कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. आणि ऐन गळितात एका आदेशानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी. साखर कमी पडेल म्हणून. पुढच्या ऑगस्टमध्ये बंदी उठवली, पण त्या हंगामाचं गणित कोलमडलं ते कोलमडलंच.

कर्ज काढून सभासदांच्या ठेवींवर उभा राहिलेला कारखाना आणि समुद्रात पट्टा घेणारी कंपनी, दोघंही देशाची तेल आयात कमी करायलाच राबतात ना? मग एकाला कायद्यानं स्थैर्याची हमी आणि दुसऱ्याला रात्रीतून आदेश? तेल कंपनीला हमी देऊ नका असं माझं म्हणणं नाही. आम्हालाही द्या.

आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल २०२५ मध्ये पुरं झालं. हे शेतकऱ्यानं केलं. समुद्रात नवीन तेल लागायला आज बोली लावली तर दहा वर्षं सहज जातात.

खडकवाचक

दादा, तुमचा राग रास्त आहे, आणि धोरणाच्या स्थैर्याचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत बिनतोड मुद्दा आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. ट्रॅक्टर, एसटी, उसाचे ट्रक, सगळे डिझेलवर. युरियाला वायू लागतो. त्याला ऊस पर्याय देत नाही. शिवाय आपल्या कृष्णाकाठी पाणी आहे, जत-आटपाडीला टेंभू-म्हैसाळचं पाणी किती खटाटोपानं उचलून न्यावं लागतं ते आपण पाहतो. ऊस वाढवून तेलाचा प्रश्न सोडवायचा तर ते पाणी कुठून आणायचं?

उसाचा_मळा

पाण्याचं मान्य. ठिबकशिवाय नवा ऊस नको, या मताचा मीपण आहे. पण वेगळ्या धाग्यात बोलू, हा भरकटेल.

शिराळा_टू_जुहू

सगळ्यांचं वाचलं. तुम्ही लोकं पैशाचं आन खडकाचं बोलताय, ते बरोबरच हाय. मी तिथं काम केलंय, वेल्डर म्हणून. आयटीआय झाल्यावर गावातली आमी पोरं एकामागोमाग गेलो. जरा आमची बाजू सांगतो.

ओएनजीसीच्या कायम माणसाला चौदा दिवस कामावर, चौदा दिवस घरी. जुहूच्या हेलिबेसवरनं हेलिकॉप्टरनं नेत्यात, आणत्यात. ठेक्यावरच्याचं तसं नसतं. कंपनीनं काम दिलं ठेकेदाराला, त्यानं दिलं दुसऱ्याला, दुसऱ्यानं माणसं घेतली एजंटाकडनं. आमी त्या एजंटाची माणसं. ऱ्हायचं बार्जवर. बार्ज म्हंजे तरंगतं वसतिगृह, बहुतेकांना स्वतःचं इंजिन नसतंय, नांगर टाकून प्लॅटफॉर्मच्या जवळ उभी करत्यात आन दुसऱ्या बोटीनं ओढून न्यायची.

समुद्रातलं पायपाचं, दुरुस्तीचं काम पावसाळा संपल्यावर चालू होतं आन मे महिन्यात आवरतं घ्यावं लागतं. त्यामुळं मे महिना म्हंजे सगळ्यात घाईचा. काम अर्धं ऱ्हायलं तर ठेकेदाराला पुढच्या हंगामापतोर पैसे अडकत्यात. वरनं रेटा, खालनं रेटा. आन त्याच मे महिन्यात वादळं येत्यात.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ नावाची बार्ज बुडाली ती अशीच. २६१ जण व्हते तीवर. नेव्हीच्या जहाजांनी रात्रभर खवळलेल्या दर्यातनं माणसं उचलली, त्यांचं उपकार कधी फिटायचं न्हाईत. तरी ७० च्या वर माणसं गेली. वादळाचा इशारा आदुगर आला व्हता. बार्ज किनाऱ्याला न्यायची का तिथंच ठिवायची हे कुणी ठरवायचं, ह्याच्यावरनंच मागनं सगळा वाद झाला. मी त्या बार्जवर न्हवतो. पर माझ्यासंगट काम केलेली पोरं व्हती. त्याच्यापुढं मी गेलो न्हाई.

मी ज्या एजंटाकडं व्हतो त्यानं आमच्या शेवटच्या महिन्यांचा पगार दिलाच न्हाई. वरच्या कंपनीकडं गेलो तर म्हणाली आमचा तुमचा काय संबंध. कागदावर खरंच संबंध नव्हता.

कोरेगावकर

दादा, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. पगाराचं ऐकून संताप आला. तुमच्याकडं गेटपास, प्रशिक्षणाचा दाखला, काहीतरी कागद असतीलच. मुख्य नियोक्ता म्हणून ठेकेदाराच्या माणसाच्या पगाराची जबाबदारी वरच्या कंपनीवर येते, कंत्राटी कामगार कायद्यात ते होतंच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, आपण नीट बघू.

तासगावची_सून

नमस्कार. माहेर गुहागर, सासर तासगाव. वेल्डरदादांचं वाचून २७ जुलै २००५ ची आठवण झाली. मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मला मदतनौका धडकली, वायूच्या पाइपाला आग लागली आणि काही तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं दगावली, साडेतीनशेहून जास्त वाचली. आदल्या दिवशीचा मुंबईचा पाऊस आणि त्याच पावसाळ्यातला सांगलीचा पूर यात ही बातमी कुठल्या कुठं गेली. त्यानंतर तीन वर्षांनी, २००८ मध्ये, समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम आले. म्हणजे मुंबई हायवर बत्तीस वर्षं तेल काढून झाल्यावर.

माझा मुद्दा मासेमारीचा. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं बंद क्षेत्र असतं, जाळं टाकायचं नाही. ते सुरक्षेसाठी आहे, कुणी हरकत घेत नाही. सर्वेक्षणाचं जहाज येतं तेव्हा गोष्ट वेगळी होते. त्याच्यामागं काही किलोमीटर लांब केबली ओढत असतात आणि हवेच्या दाबानं सतत धमाके करतात. त्या पट्ट्यातून होड्यांना लांब राहायला सांगतात आणि हे नेमकं मासेमारीच्या हंगामात, कारण पावसाळ्यात सर्वेक्षणही होत नाही. माझे काका सांगतात, जाळी तुटली तर भरपाई कुणाकडं मागायची हेच कळत नाही. आणि पावसाळा आला की किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. ते जहाजांच्या तेलाचे की विहिरींचे, याचा निवाडा कुणी करत नाही, पायाला चिकटतात ते आमच्या.

आणि लोकांनी बोलायची जागाही कमी झालीये. १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं तेल-वायूच्या नुसत्या शोधाला, जमिनीवरच्या आणि समुद्रातल्याही, पर्यावरण मंजुरीच्या खालच्या वर्गात टाकलं. त्या वर्गात जनसुनावणी लागत नाही. प्रत्यक्ष उत्पादन सुरू करताना लागते, पण तोवर विहीर खोदून, पैसा ओतून झालेला असतो. मग "नको" म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार? तामिळनाडूत कावेरीच्या मुखाजवळच्या शेतकऱ्यांनी यावर रान उठवलं होतं. कोकणात फारसं कुणी बोललं नाही, आणि घाटावर तर नाहीच.

चाळकेवाडी

ठोसेघरच्या वरच्या पठारावरून लिहितोय. इथं पवनचक्क्या पंचवीसेक वर्षांपासून आहेत. मला एवढंच विचारायचंय, समुद्रात इतका पैसा आणि सवलती घालायच्याच तर वाऱ्यासाठी का नाही? २०२४ च्या जूनमध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटींचा निधी मंजूर झाला, पण तो गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यासाठी. २०१९ आणि २०२१ चा पूर, पाटणच्या दरडी, द्राक्षबागांवरचा अवकाळी, हे सगळं पाहिल्यावर तेल शोधत राहणं हेच मला चुकीचं वाटतं. आज पट्टा दिला तर २०५० नंतरही तिथून तेल निघत राहील. तोवर आपल्या नातवंडांनी कुठल्या हवामानात शेती करायची?

हिशेबनीस

तुमच्या चिंतेशी सहमत, निष्कर्षाशी थोडा नाही. आपण तेल काढलं नाही म्हणून जाळायचं थांबत नाही, आखातातून आणतो. मागणी कमी करणं हे खरं काम, आणि तिथं वारा, सूर्य, रेल्वे, एसटी हे सगळं येतं. पण सवलतींची तुलना तुम्ही केलीत ती अगदी योग्य. तेलाला किती सोडलं आणि वाऱ्याला किती दिलं, हे एका पानावर लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे?

चाळकेवाडी

मागणी कमी करायची इच्छा असती तर नवे पट्टे दिलेच नसते. यावर आपलं एकमत होणार नाही, पण ते एक पान मागण्यात मी तुमच्यासोबत.

वाईची_वाट

तेलक्षेत्र कायद्यातल्या शिक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही. पूर्वी नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. आता कैद काढून २५ लाखांपर्यंत दंड, आणि पुढंही चालूच ठेवलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत. हजार रुपये हास्यास्पदच होते, ते वाढवलं ते बरं. पण जी कंपनी एका विहिरीवर शेकडो कोटी घालते तिला २५ लाखांचं काय? माणसं दगावण्याइतकी हयगय झाली तर कुणाला तरी व्यक्तिशः जबाब द्यावा लागेल, एवढी तरी तरतूद ठेवायला हवी होती.

कोरेगावकर

सगळ्यांचे आभार. इतकं ऐकल्यावर मी माझं म्हणणं पक्कं करतो. पट्टे द्या, शोधालाही मदत करा. पण ज्या ब्लॉकमध्ये रॉयल्टी किंवा महसुलाचा वाटा सोडला, तिथल्या करारातच ठेक्याच्या शेवटच्या माणसापर्यंत पगार आणि विम्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर टाका. सांगाडे काढण्याच्या निधीचा आकडा दरवर्षी उघड करा. शोधाच्या आधी किनाऱ्यावरच्या गावांची सुनावणी परत आणा. यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. करार लिहिणाऱ्याच्या हातातलं आहे. समुद्रातल्या रॉयल्टीतला वाटा किनाऱ्याच्या राज्यांना मिळावा हेही मला वाटतं, पण ती लांबची लढाई, आधी हे होऊ द्या.

मी पत्राचा मसुदा करतो. सातारा आणि सांगलीच्या खासदारांना द्यायचा आणि एक प्रत संसदेच्या पेट्रोलियमविषयक स्थायी समितीला. उसाचा_मळा, तुमचा स्थैर्याचा मुद्दाही त्यात घालतो, तुमची परवानगी असेल तर.

उसाचा_मळा

परवानगी कसली, घाला. ७ डिसेंबरची तारीख नक्की घाला.

तासगावची_सून

मच्छीमार सोसायट्यांच्या सह्या मी माहेरून आणते. हंगाम सुरू व्हायच्या आत करूया, मग कुणी किनाऱ्यावर सापडत नाही.

चाळकेवाडी

"पट्टे द्या" या वाक्याखाली माझी सही येणार नाही. बाकीच्या मागण्यांसाठी वेगळा कागद केला तर त्यावर करतो.

कोरेगावकर

मान्य. मागण्यांचा कागद वेगळा ठेवू, पट्ट्यांच्या बाजूनं किंवा विरोधात त्यात काही नको.

शिराळा_टू_जुहू

पत्रात आजून एक घाला दादा. वादळाचा इशारा आला की बार्ज किनाऱ्याला आणायचा हुकूम ठेकेदाराच्या हातात ठिवू नका, त्याला कामाचं पैसे दिसत्यात. तो हुकूम कोस्ट गार्डनं द्यावा, आन जेवढे दिवस काम बंद ऱ्हाईल तेवढ्या दिवसांचा पगार कंपनीनं द्यावा, म्हंजे पोरंबी तिथंच थांबू म्हणायची न्हाईत. हे कागदावर आलं तर आमच्या भागातली दुसरी शंभर माणसं मी सहीला आणतो.